पेवात सोडलेला दिवा

मंगळवार, ११ मार्च १९८६

हेमावती,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. माझा आशीर्वाद तुझ्या काय कामाचा, म्हणून तेवढी जागा वाचवते. मी दुसरी यत्ता शिकलेली बाई. एक पान लिहायला मला अर्धा दिवस लागतो, तेव्हा फाडायच्या आधी पुरतं वाच. मराठी वाचता येत नाही असं सांगू नकोस. परातीत पीठ पसरून तुला अक्षरं मीच शिकवली आहेत.

पत्ता कौसल्येने दिला. ती भाचीला सोडायला विद्यानगरला गेली होती, तिथल्या मुलींच्या बोर्डिंगात तू तिला दिसलीस. मला येऊन सांगते, "तुझी सून शंभरावर भाकऱ्या करते आणि एका शब्दाने बोलत नाही." मी म्हटलं, बोलत नाही म्हणूनच शंभर होतात. कौसल्ये, तुझ्या दोनसुद्धा होत नाहीत. कुसुमा दहा वर्षांची झाली असेल. उंच झाली का एवढंच विचारते.

आता कामाचं. आपल्या अंगणातलं, जमिनीखालचं जोंधळ्याचं पेव उघडायचं ठरलं आहे.

गेल्या सालचा पाऊस गेला आणि त्याच्या आदल्याचाही धड नव्हता. जोंधळा गुडघ्याएवढा झाला आणि वाळला. गल्लीतल्या अठ्ठावीस घरांत दोन वेळची चूल पाच-सहा घरांत पेटते. उरलेली पोरांना दुपारी आंबील देतात आणि भाकर एकदाच. पेवात तीन वर्षांपूर्वीचा जोंधळा आहे, पाऊण पेव भरून. तो काढला तर मृगापर्यंत गल्ली तरते आणि पेरायला बीही राहतं. म्हणून उघडायचं. ते बरोबर आहे, माझी ना नाही.

पण त्यांना दिवा नको आहे.

पेव बंद राहिलं की आतली हवा माणसाला मारते, हे लहान पोराला ठाऊक आहे. तोंडावरचा दगड काढायचा, बादलीत दिवा ठेवून दोराने खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत सोडायचा, तिसऱ्या दिवशी परत. तेवत राहिला की माणूस उतरतो. माझ्या सासूच्या सासूपासून असंच चालत आलं. सहा वर्षांपूर्वी दिवा सोडला होता आणि तरी गणपत त्यात गेला. माझा मुलगा, तुझा नवरा. तेव्हापासून बाबाजी पारावर बसून सांगत असतो, "दिवा पेटलेला होता, हेमावतीने स्वतः सांगितलं दिवा आहे म्हणून, आणि माणूस मेला. मग दिव्याला काय कळतं?" आता तो म्हणतो, दगड काढू, तासभर सुपाने वारा घालू, नारळ फोडू आणि उतरू. सगळ्यांना पटलं आहे. भुकेल्या माणसाला तीन दिवस थांबा म्हटलं की तो शहाणा कसा राहील?

मला भीती वाटते. तुला ती लिहिण्यात मला लाज नाही.

तू एक ओळ लिहून पाठव. "त्या दिवशी मी दिवा नीट बघितला नव्हता." एवढंच. मी ती बाबाजीला दाखवीन. म्हणजे दिव्याची चूक नव्हती, बघणाऱ्याची होती, हे त्यांना कळेल आणि ते परत दिवा सोडतील. तुझं काय जातं? तू इथे राहतही नाहीस.

तानूबाई


सोमवार, २४ मार्च १९८६

हेमावती,

तेरा दिवस झाले. पोस्टमन गल्लीत दोनदा आला, एकदा कौसल्येकडे, एकदा मास्तराकडे. माझ्या दारावरून सायकल अशी काढतो की जसं घरच नाही.

पाडव्याला उघडायचं ठरलं. दहा एप्रिल, गुरुवार.

उतरणार कोण, ते तुला सांगते. पुंडलिक. यमुनेचा नवरा. तू गेलीस तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता चांगला बाप्या झाला आहे, पण अंगाने अजून काडी. पेवाचं तोंड अरुंद, जाड माणूस मावत नाही म्हणून त्याला निवडला. यमुनेला सातवा महिना आहे. परवा ती माझ्याकडे कढीपत्ता मागायला आली आणि अंगणात पेवाच्या दगडावर टेकली. मी ओरडले, "ऊठ तिथनं!" ती घाबरून उठली. म्हणाली, "अज्जी, दगडच आहे की." मी म्हटलं, दगड तापला आहे, पोटाला बरं नाही. दगड सावलीत होता.

आपल्या पेवाच्या रीती तुला माहीत आहेत, पण मला आता त्या परत परत आठवतात, म्हणून लिहिते. आत फक्त गावठी पांढरा जोंधळा, सात उन्हं दिलेला. हायब्रीड नाही, त्याला वर्षात किडा लागतो. ज्याच्या घरी जास्त पिकलं त्याने जास्त घालायचा. काढताना मात्र खाणारी तोंडं मोजायची, जमीन नाही. आधी बी बाजूला काढायचं, मग भाकरीचं. अमरगोळच्या बाजार-यार्डात आपल्याच शेतांतली पोती छपराला टेकली आहेत. ती आपल्याला परवडत नाहीत, पेव परवडतं. बाबाजी हे सगळं जाणतो, तो मूर्ख नाही. त्यानेच गणपत गेल्यावर, "पेव बुजवायचं नाही, बुजवलं तर पुढच्या दुष्काळात गाव सोडावं लागेल," असं म्हणून लोकांना परत भरायला लावलं. फक्त दिव्यावरचा विश्वास त्याचा गेला.

मी त्याला काल गाठलं.

"बाबाजी, तीन दिवस उघडं ठेवू. घाई कसली?"

"तानूअक्का, तीन दिवस उघडं ठेवून वळवाचा पाऊस आला तर? सगळा जोंधळा कुजेल."

"मग दिवा तरी सोडू."

"तू सांगतेस हे?" तो माझ्याकडे रोखून बघायला लागला. "तुझाच पोरगा दिव्याच्या भरवशावर गेला ना, अक्का?"

घरी आले. भाकर समोर होती, ती तशीच झाकून ठेवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा भाकर उरली घरात.

कानडीत पेवाला हगे म्हणतात. वैरालाही हगेच म्हणतात, हे तूच मला हसत सांगितलं होतंस, लग्न होऊन आलीस त्या वर्षी. मी हसले नव्हते.

एक ओळ लिही. तू चुकलीस असं वाटत नसेल तर "धूर होता, दिसलं नाही" असं लिही. काहीही लिही, पण लिही.

तानूबाई


गुरुवार, ३ एप्रिल १९८६

हेमावती,

तुझं कार्ड आलं. कानडीत लिहिलंस.

माझ्याशी कानडीत बोलायला तुला बंदी केली होती, त्याचा सूड असा घेतलास होय? घ्यायचाच होता तर बरा घेतलास. मला कानडी बोलता येतं, भांडता येतं, बाजारात घासाघीस करता येते, वाचता येत नाही. गल्लीत कुणाला देऊ वाचायला? पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "अज्जी, वाचून दाखवू का?" मी म्हटलं, तुझा डोळा माझ्या कार्डावर पडला तर डोळा फुटेल. तो गेला, पण जाताना कार्डाकडे बघत गेला. त्याने वाचलं असेल का? वाचलं असेल तर कुणाला सांगेल?

मी पहिल्या बसने धारवाडला गेले, जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे. स्टँडवर एक शाळेतली बाई बसली होती, डब्यातलं थालीपीठ खात. तिला दिलं. तिने आधी मनातल्या मनात वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग मराठीत करून सांगितलं.

"मी त्या दिवशी काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी परत बोलणार नाही."

बाई म्हणाली, "अज्जी, एवढंच आहे. मुलीचं आहे का?"

मी म्हटलं, सुनेचं.

"मग बरोबर आहे," असं म्हणून तिने मला अर्धं थालीपीठ दिलं. मी खाल्लं. उपाशी माणसाला लाज असते असं सांगणारे पोटभर जेवलेले असतात.

बस चुकली म्हणून तीन तास स्टँडवर बसले आणि तू काय बोललीस ते आठवलं. खरं सांगायचं तर आठवायची गरज नव्हती.

तू पेवाच्या तोंडाशी पालथी पडून दोर सोडत होतीस. गणपत कडुलिंबाखाली कमरेला दोर बांधत होता. मी मधे उभी होते. बाकीचे पोती घेऊन मागनं येणार होते. रस्त्यावरून लग्नाचा ताशा चालला होता. तू ओरडलीस. मराठीत नाही, घाबरलीस म्हणून तुझ्या तोंडात तुझ्या आईची भाषा आली. गणपतने विचारलं, "काय म्हणते ती?" मी म्हटलं, "दिवा आहे म्हणते."

तू म्हणाली होतीस, "दीप आरैति."

मला ऐकू आलं, "दीप ऐति."

ऐति म्हणजे आहे. आरैति म्हणजे विझला. मधे एक 'आर' आहे फक्त. ताशा वाजत होता. ताशात तेवढा 'आर' गेला.

झालं, लिहिलं. सात महिने तू "मी विझला म्हणाले होते" असं सांगत राहिलीस आणि मी म्हणत राहिले, दुःखाने पोरीचं डोकं फिरलं आहे. शेवटी तू कुसुमाला काखेत घेऊन निघून गेलीस. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी म्हातारी आणि मी आई. तू कानडी आणि तू सून.

पण बाबाजीला हे सांगता येत नाही. ऐकण्यात चूक झाली म्हटलं तर तो विचारेल, मग सहा वर्षं काय करत होतीस? म्हणून तूच लिही. "ताशा होता, सासूला नीट ऐकू आलं नाही" असं तू लिहिलंस तर ते माझ्या तोंडून आल्यासारखं होणार नाही. सात दिवस उरले.

तानूबाई


बुधवार, ९ एप्रिल १९८६

हेमावती,

उद्या पाडवा. तुझं दुसरं कार्ड आलं नाही. येणार नाही हे मला त्या स्टँडवरच कळलं होतं, तरी रोज दारात बसले.

हे पत्र तुला उद्यानंतर मिळेल. म्हणजे याने कुणाचा जीव वाचणार नाही, हे माहीत असून लिहिते आहे. का लिहिते ते मला विचारू नकोस.

मागच्या पत्रात मी अर्धं लिहिलं.

ताशा वाजत होता हे खरं. पण तू ओरडलीस तेव्हा तो मारुतीच्या देवळापर्यंत पोचला होता. तिकडनं येणारा आवाज असा बारीक होता की मला आपल्या कोंबडीचं खुडखुडणं ऐकू येत होतं. मी चाळीस वर्षं कानडी ऐकते. भाजीवालीने भाव अर्ध्या शब्दात सांगितला तरी मला कळतो. मला 'आर' ऐकू आला नाही, कारण तू बोलायला लागलीस की मी ऐकायची थांबायची. तशी मी सवयच करून घेतली होती. तू पहिलं अक्षर उच्चारलंस की मी मनात म्हणायची, झालं हिचं सुरू, आणि शेवटाचं ऐकून पुढे जायची. पाच वर्षं तसंच केलं. त्या दिवशीही तेच केलं. शेवटचं ऐकलं, ऐति. गणपतला पुढे सांगितलं.

आणखी एक आहे. ते मी देवाजवळही बोलले नाही.

तू ओरडलीस आणि उठून घरात पळालीस. का पळालीस? दिवा परत पेटवायचा म्हणून काडेपेटी आणायला. दिवा पेटलेला असता तर काडेपेटी कशाला लागते? तू बाहेर आलीस तेव्हा तो उतरला होता आणि दोर ढिला पडला होता. तुझ्या हातातून काडेपेटी पेवाच्या कडेला पडली. तू तोंडात वाकून त्याला हाका मारत होतीस. मी ती काडेपेटी उचलली आणि कनवटीला खोचली. त्याला अजून वर काढलं नव्हतं, हेमावती. पोरगा खाली पडला होता, मी किंचाळत होते, आणि माझा हात काडेपेटी लपवत होता. हाताने ते आपल्या मनाने केलं असं म्हणायला मला आवडेल. हाताला मन नसतं.

लोक आले, त्यांनी विचारलं, दिवा सोडला होता का? मी म्हटलं, सोडला होता, हेमावती म्हणाली दिवा आहे.

ती पेटी अजून माझ्याकडे आहे. देव्हाऱ्यामागे.

आज सकाळी पुंडलिक आला. दोर बघायला. माझ्या पडवीत बसून त्याने दोराची वीत न् वीत हातातून काढली, कुठे झिजला आहे का बघत. यमुना त्याच्याबरोबर आली होती, उंबऱ्यात बसली, पाय लांब करून. ती म्हणाली, "अज्जी, पोरगं झालं तर नाव काय ठेवायचं सांगा." पुंडलिक म्हणाला, "पोरगी झाली तर?" ती म्हणाली, "पोरगी झाली तर मी ठेवीन, पोराचं अज्जीला ठेवू दे, तिचं नाव ठेवणं गल्लीत प्रसिद्ध आहे." दोघं हसले. मी हसले नाही. मला त्याच्या कमरेकडे बघवत नव्हतं, जिथे उद्या दोर बसणार आहे.

मी तोंड उघडलं. म्हटलं, "पुंडलिक, उद्या..."

"काय अज्जी?"

"उद्या पोटभर खाऊन ये."

एवढंच निघालं. अठ्ठावीस घरं मला काय म्हणतील याची भीती वाटते. कौसल्या माझ्या दारात थुंकेल. मला पाणी द्यायला कुणी येणार नाही. हे घर, अंगण, पेव राखायचं काम, सगळ्यांच्या जोंधळ्याची राखणदार म्हणून मिळणारा मान, एवढंच माझ्याकडे आहे. एका बाजूला ते आहे आणि दुसऱ्या बाजूला काडीसारखा पोरगा आहे आणि मी अजून विचार करते आहे. बघ कशी बाई आहे मी.

शेवटी काय करीन ते मला माहीत नाही.

तानूबाई


सोमवार, १४ एप्रिल १९८६

हेमावती,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. शेवटी कळेल.

पाडव्याला सकाळी सगळी गल्ली अंगणात होती. बायका टोपल्या घेऊन, म्हातारे काठ्या घेऊन. दगड काढला. खालचं माती-शेणाचं लिंपण फोडलं, गवत, कडुलिंबाचा पाला काढला. आतून गरम वास आला, आंबट, जुन्या ताकासारखा. तोच वास. बायकांनी सुपाने वारा घातला, एक तास म्हणे, पण अर्ध्या तासातच हात दुखले. बाबाजीने नारळ फोडला. पुंडलिकने दोर बांधला आणि पाय आत सोडायला पुढे आला.

मी जाऊन पेवाच्या तोंडावर बसले. पाय आत सोडून, दोन्ही हात कडेला.

"आधी दिवा," मी म्हटलं.

बाबाजी म्हणाला, "तानूअक्का, ऊठ. दिव्याचं आम्ही बघितलं आहे."

"तू काय बघितलंस? तू तेव्हा लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा बुंदी मागत होतास."

दोघं-तिघं हसले. हसण्यामुळे मला बोलता आलं, नाहीतर आलं नसतं. मी म्हटलं, "हेमावती म्हणाली होती, दीप आरैति. मी गणपतला सांगितलं, दिवा आहे. ती विझलेला दिवा परत लावायला काडेपेटी आणायला गेली होती. ही ती काडेपेटी. मी उचलून ठेवली." आणि ती त्यांच्या पुढे टाकली.

कौसल्येने ती उचलली, उघडली. काड्यांची डोकी गळून गेली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. "सहा वर्षं?" म्हणाली. मी म्हटलं, मोजली आहेत मी, तू मोजू नकोस.

बाबाजीला मी कधी असा बघितला नव्हता. तो एकदम खाली बसला आणि म्हणाला, "अक्का, मी गल्लीला दिव्याशिवाय उतरवत होतो." मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मग यमुना उठली. ते पोट घेऊन माझ्या घरात गेली, देव्हाऱ्यातली समई आणली, एकच वात लावली, बादलीत ठेवली आणि दोर पुंडलिकच्या हातात दिला. "तू सोड," म्हणाली, "आणि तूच बघ."

तो पालथा पडला. दोर सोडायला लागला. मी शेजारी होते, मलाही आत दिसत होतं. हातभर खाली ज्योत सरळ होती. दोन हातांवर ती बारीक झाली. पुरुषभर खाली गेली तशी निळी झाली, वातीला चिकटून राहिली आणि गेली. वारा नव्हता, काही नव्हतं. कुणीतरी बोटांनी चिमटून विझवावी तशी गेली.

पुंडलिकने डोकं वर काढलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो सगळ्यांकडे बघून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "दीप. आरैति." मग मराठीत म्हणाला, "विझला." मग त्याने कमरेचा दोर सोडला आणि अंगणात बसून राहिला. यमुना भिंतीपाशी जाऊन ओकली.

गुरुवारी विझला. शुक्रवारी विझला. वळवाचे ढग आले, बाबाजी दोन्ही दिवस पेवावर ताडपत्री धरून बसला, पण पाऊस पडला नाही. शनिवारी ज्योत तळापर्यंत गेली आणि उभी राहिली. पुंडलिक उतरला, जोंधळ्याची पहिली टोपली वर आली. वरचा वीतभर काळा, बुरसा आलेला, तो गुरांना. खालचा चांगला. मी दात लावून बघितला, कडक होता. आधी बी काढलं, मग तोंडं मोजली.

माझ्यावर काय आलं ते विचारशील. पेव राखायचं काम गेलं. आता यमुना राखेल. अंगण माझं, पण पेव तिच्या ताब्यात, आणि मला ते चालतं. रीत बदलली. दिवा जो बघेल तो दोन्ही भाषांत ओरडेल, आणि उतरणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. मधे कुणी निरोप्या नाही. बाबाजी म्हणाला, ही रीत आधी असायला हवी होती. मी म्हटलं, आधी मी होते.

कौसल्या माझ्याशी भांडत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. पाणी भरून दारात ठेवते आणि न बोलता जाते. ते मला थुंकण्यापेक्षा जड जातं. भीती गेली असं मला वाटलं होतं. गेली नाही, बदलली. आता कुसुमाची वाटते. ती मोठी होईल, तिला हे सगळं कळेल, आणि ती मला काही विचारेल की नाही विचारणार, यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

मी तुझी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तू मला देण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. तू इथे ये असंही म्हणत नाही. बोर्डिंगात भाकऱ्या करतेस ते बरं आहे.

हे पत्र घेऊन पुंडलिक आला आहे. त्याच्याबरोबर दोन तोंडांचा जोंधळा आहे, तुझा आणि कुसुमाचा. गल्लीच्या वाट्यात तुमची नावं यमुनेने घातली, मी सांगितलं नव्हतं. तो दारात उभा असेल, वाकून, कारण तो लाजतो. त्याला आत घे. त्याला नीट बघ. तू सहा वर्षांपूर्वी जे ओरडलीस त्याच्यामुळे तो आज जिवंत उभा आहे. त्या दिवशीचं तू त्याला तुझ्या तोंडाने सांग, कानडीत सांग. त्याला शब्द न् शब्द कळतो.

आणि त्याला उपाशी परत पाठवू नकोस. तीन महिने तो अर्ध्या भाकरीवर राहिला आहे, मागून घेणार नाही.

तानूबाई